मागच्या गाडीचा आवाज

टार्बेल गावात पेट्रोलचा पंप एकच आहे आणि तो माझा. त्यामुळे ऑरविल आणि लेनोरा पेनरॉड माझ्या काउंटरवर गाडीची पत्रकं पसरून बसले आणि "मायते, तूच सांग, बॅटरीची घ्यावी की पेट्रोलवाली," म्हणाले, तेव्हा मला हसूच फुटलं.

"कसायाला विचारताय, शाकाहारी व्हावं का म्हणून?" मी म्हटलं.

"म्हणून तर तुला विचारतेय," लेनोरा म्हणाली. "तू स्वतः म्हणालीस बॅटरीची घ्या, तर ह्याला तोंड उघडायला जागा राहणार नाही."

"आणि ती तसं कशाला म्हणेल? तिला काय स्वतःचा धंदा बुडवायचाय?" ऑरविल म्हणाला.

गाडी एकच होती, तिचे प्रकार दोन. खडकाळ रानात, वाळूत, ओढ्यात चालणारी, चारही चाकं ओढणारी. दोन वर्षांपूर्वी त्यांनी नाव नोंदवलं होतं आणि आता महिनाअखेरपर्यंत कुठला प्रकार ते कळवायचं होतं. एक निव्वळ बॅटरीची. भरली की साडेतीनशे मैल. दुसरीत बॅटरी लहान, दीडशे मैलांपुरती, पण मागच्या बाजूला पेट्रोलचं एक छोटं इंजिन. ते चाकं फिरवत नाही, नुसती वीज तयार करून बॅटरीला पाजत राहतं. तसं केलं की गाडी पाचशे मैल जाते.

ही गाडी हौसेची नव्हती. लेनोरा जिल्ह्याच्या पाणी खात्यात होती. तीन खोऱ्यांतल्या त्रेसष्ट बोअरमध्ये टेप सोडून पाणी किती खाली गेलं ते लिहायचं, हे तिचं काम. एकतीस वर्षं तेच करत होती. दक्षिणेकडची फेरी एकशे नव्वद मैलांची. त्या वाटेवर विजेचा खांब नाही, फोन लागत नाही, आणि जानेवारीत समोरून दिवसाला एक गाडी आली तरी माणसं स्टिअरिंगवरून बोट उचलून रामराम करतात. आमच्याकडच्या बोअर श्वास घेतात. हवेचा दाब बदलला की पाइपातून वारा आत जातो, बाहेर येतो, कधी शीळ घालतो. लेनोरा पाइपाला कान लावून सांगायची, उद्या हवा फिरणार. तिचं म्हणणं होतं, इंजिनाच्या गाडीतून उतरल्यावर दहा मिनिटं कानात नुसता भुंगा असतो. तिला शांत गाडी हवी होती.

ऑरविलला पेट्रोल हवं होतं. का, ते सगळ्या गावाला ठाऊक होतं, किंवा ठाऊक आहे असं आम्हाला वाटत होतं.

बावीस वर्षांपूर्वी लेनोराचा धाकटा भाऊ वेंडल तिच्या जागी एकदा दक्षिणेची फेरी करायला गेला. ती तेव्हा फ्लूने अंथरुणात होती. एक्केचाळीस नंबरच्या बोअरपाशी त्याच्या गाडीतलं पेट्रोल संपलं. दुसऱ्या दिवशी शोधायला निघालेल्या ऑरविललाच गाडी सापडली. किल्ली तशीच लावलेली, टाकी कोरडी, वेंडल नाही. कुत्री आणली, विमान फिरवलं. नंतर बर्फ पडलं आणि शोध थांबला. तेव्हापासून ऑरविलच्या गाडीत मागे पेट्रोलचे दोन भरलेले कॅन कायम. गावात थट्टा व्हायची, ऑरविल पेनरॉड मर्तिकालाही कॅन घेऊन जातो म्हणून. तो हसायचा नाही, चिडायचाही नाही. दर वसंतात जुनं पेट्रोल माझ्याकडे आणून ओतायचा आणि ताजं भरून न्यायचा.

गाडी विकणाऱ्याने दोन्ही प्रकार एकेक दिवस वापरून बघायला दिले. लेनोराने दक्षिणेच्या फेरीचेच दोन भाग करून, प्रत्येकी जाऊन-येऊन दीडशेवर मैलांचे, दोन दिवस ठरवले आणि पंच म्हणून मला मागच्या सीटवर बसवलं. पंप सांभाळायला माझ्या बहिणीची मुलगी होती. मी थर्मासात बीन्सचा रस्सा घेतला, चोरिसोची झणझणीत सॉसेज घातलेले पाव घेतले आणि गेले.

पहिला दिवस पेट्रोलवालीचा. त्यात सांगण्यासारखं काही घडलं नाही. ऊन होतं. एकशे चाळीस मैलांनंतर मागे इंजिन सुरू झालं, फ्रिज गुरगुरतो तसं, आणि ऑरविलच्या खांद्यांवरचं ओझं उतरल्यासारखं दिसलं. लेनोरा बोअरपाशी उतरली की म्हणायची, "बंद कर ना ते." तो म्हणायचा, "राहू दे, भरतेय." तिने वाद घातला नाही. कान लावायचं सोडून नुसती टेप सोडली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऑरविलने बॅटरीवाल्या गाडीतही कॅन ठेवले. लेनोराने ते उचलून परत अंगणात ठेवले.

"लोकाची गाडी आहे. गालिच्याला वास लागला तर तू धुऊन देणार? आणि बॅटरीच्या गाडीत पेट्रोलचं करायचं काय? प्यायचं?"

तो त्या कॅनकडे बघत उभा राहिला. मग गाडीत बसला. मला तेव्हा एवढंच वाटलं की साठी उलटलेला माणूस, सवयी सुटत नाहीत.

बॅटरीची गाडी खरंच विलक्षण शांत होती. चाकाखालची खडी तेवढी ऐकू यायची. लेनोरा तर पोरीसारखी खूश. सदतीस नंबरच्या बोअरपाशी तिने मलाही कान लावायला लावलं. आतून वारा वर येत होता, कोमट, ओल्या मातीच्या वासाचा, आणि त्याच्याबरोबर खोल कुठेतरी घुमल्यासारखा एक नाद.

अडतीसनंतर धुकं उतरलं. आमच्याकडचं हे हिवाळी धुकं साधं नसतं. इथल्या मूळच्या शोशोनी लोकांनी त्याला पोगोनिप नाव दिलंय, आणि त्यांची म्हातारी माणसं त्यात तोंडावर फडकं बांधल्याशिवाय बाहेर पडत नाहीत. हवाच गोठते. सेज म्हणतात त्या रानटी झुडपांवर बर्फाचे काटे उगवतात, एकाच बाजूला, बोट बोट लांब. वीस पावलांपलीकडे काही दिसत नाही. दुपारचा एक वाजला होता आणि उजेड दुधात बुडाल्यासारखा झाला होता. ऑरविलने वेग कमी केला. गारठ्याने बॅटरी भराभर उतरत होती, साडेतीनशेतली जवळजवळ निम्मी थंडीनेच खाल्ली होती. एक्केचाळीसच्या फाट्यापाशी घर बहात्तर मैल राहिलं होतं आणि पडद्यावर आकडा होता अठ्ठ्याऐंशी.

"पुरेल," लेनोरा म्हणाली.

"पुरेल म्हणजे काय, पुरायलाच हवं," ऑरविल म्हणाला. "काल हे म्हणावं लागलं नव्हतं."

तेवढ्यात मला मागून गाडीचा आवाज आला.

मी वळून पाहिलं. पांढरं. आवाज मात्र स्पष्ट होता. जुनं, मोठं पेट्रोलचं इंजिन, आणि त्यातला एक सिलिंडर ठोका चुकवणारा. धड-धड-धड, गप्प, धड-धड-धड, गप्प.

"कोणीतरी येतंय," मी म्हटलं. "बाजूला घे, जाऊ दे त्याला पुढे. धुक्यात ठोकेल आपल्याला."

ऑरविलने गाडी कडेला घेतली. मागचा आवाज जवळ आला आणि थांबला. म्हणजे इंजिन चालूच राहिलं, पण गाडी थांबली. शंभरेक पावलांवर असेल. आम्ही वाट पाहिली. कोणी पुढे येईना. दिवे दिसेनात.

"वाट चुकलाय बहुतेक," लेनोरा म्हणाली. "आपल्या मागच्या दिव्यांवर चालतोय. जा, विचार त्याला."

ऑरविल जागचा हलला नाही. त्याचे हात स्टिअरिंगवरच राहिले. शेवटी मीच उतरले. लेनोराही आली. गारठा नाकात सुईसारखा शिरत होता. आमच्याच चाकांच्या खुणांवरून आम्ही मागे चालत गेलो. आवाज समोर होता, अगदी समोर, आणि आम्ही पुढे गेलो तसा तो बंद पडला.

बंद पडला तो कसा, ते मला नीट सांगता येईल. माझं आयुष्य पंपावर गेलंय. कोणी किल्ली फिरवून बंद केलं तर इंजिन एकदम गप्प होतं. हे तसं नव्हतं. ते अडखळलं, दोनदा खोकलं, थोडं सावरलं, परत खोकलं आणि गेलं. टाकी कोरडी पडली की असं होतं.

आम्ही आणखी दहा पावलं गेलो. रस्त्यावर आमच्या चाकांच्या दोन रेघा होत्या, दुसऱ्या कुणाच्याच नाहीत. सगळी जमीन बर्फाच्या पातळ थराने पांढरी. आणि मधेच, एका गाडीएवढा लांब-रुंद चौकोन काळा, ओला. तिथलं बर्फ वितळलं होतं. मी हातमोजा काढून हात टेकवला. माती कोमट होती. काळ्या तेलाचे दोन थेंब होते. त्या चौकोनाकडे येणारी खूण नव्हती, तिथून जाणारीही नव्हती.

लेनोरा तेलाच्या थेंबांपाशी वाकली. मग म्हणाली, "वेंडलच्या गाडीचा तिसरा सिलिंडर असाच ठोका चुकवायचा."

मी तिचा दंड धरला आणि आम्ही परत फिरलो. धावलो नाही. का कोण जाणे, धावायची भीती वाटली.

गाडीत बसून दार लावलं. मागे, धुक्यात, एक दार उघडलं आणि आपटलं. जुन्या गाडीचं पत्र्याचं दार.

मग पावलं. गोठलेली खडी चुरचुरत होती. एक माणूस, सावकाश नाही, घाईत नाही, थंडीत माणूस खांदे वर करून चालतो तसा. पावलं आमच्या मागच्या काचेपाशी आली, माझ्या दारावरून गेली. मी डोळे मिटले नव्हते, बाहेर बघत होते, आणि बाहेर कोणी नव्हतं. ऑरविलच्या खिडकीपाशी येऊन पावलं थांबली.

गाडीचं एखादं इंजिन चालू असतं तर आम्हाला ह्यातलं काहीसुद्धा ऐकू आलं नसतं. पण ती गाडी उभी राहिली की तिच्यात तुमच्या स्वतःच्या छातीचे ठोके सोडून काही नसतं.

ऑरविलने काच खाली केली.

"वेंडल," तो म्हणाला, "आज माझ्याकडे पेट्रोल नाही रे."

बाहेर काही हललं नाही.

"रोज असतं. बावीस वर्षं रोज होतं. आज ह्यांनी काढून ठेवलं."

"ऑरविल?" लेनोरा म्हणाली.

तो तिच्याकडे न बघता बोलत राहिला, खिडकीबाहेरच. "तू हाक मारलीस तेव्हा मला यायला हवं होतं. मी तुला म्हटलं, गाडीतच बस, सकाळी येतो. मॅच चालू होती. मी चार बिअर प्यायलो होतो. धुक्यात निघायचा कंटाळा केला, दुसरं काही नाही. सकाळी उशिरा जाग आली."

"कुठली हाक?" लेनोराने विचारलं.

"रेडिओवर. तेव्हा घरी खात्याचा दोन्हीकडून बोलायचा रेडिओ होता ना, स्वयंपाकघराच्या खिडकीत. तू तापात झोपली होतीस."

"किती वाजता?"

"काय?"

"त्याने हाक मारली तेव्हा किती वाजले होते?"

"संध्याकाळचे सव्वापाच."

"आणि तू किती वाजता निघालास?"

"नऊ," तो म्हणाला. "सकाळी नऊ."

लेनोरा रडली नाही, ओरडली नाही. तिने नुसता त्याच्याकडे पाहायचा प्रयत्न केला आणि तिला ते जमलं नाही. मान अर्धी वळली आणि परत समोर गेली. बावीस वर्षं गावाने ह्या माणसाची पाठ थोपटली होती, मेव्हण्याची गाडी शोधून काढली म्हणून.

पावलं परत वाजली. ती गाडीच्या पुढून गेली, रस्ता सोडून उजवीकडे, झुडपांतून. बर्फाचे काटे तुटून पडताना बारीक काचेसारखे किणकिणत होते.

"चालव," लेनोरा म्हणाली.

"घरी?"

"त्याच्या मागे."

"बॅटरी बघ, लेनोरा. ऐंशी राहिलीय. रस्ता सोडून वाळूत घातली तर..."

"चालव म्हणतेय ना मी!"

त्याने गाडी रस्त्याखाली उतरवली. लेनोराने चारही काचा उघडल्या. मी मागे बसून दात वाजवत होते, आणि खरं सांगते, मला परत फिरायचं होतं, पण ते म्हणायची माझी जागा नव्हती. गाडी माणसाच्या चालीने चालली होती. पावलं पुढे, दृष्टी संपते त्याच्या जरासं पलीकडे. आम्ही वेग वाढवला की तीही वाढायची. ओढ्याच्या कोरड्या पात्रात एकदा चाकं रुतली, फिरली, वाळू उडाली, आकडा एकदम चारने उतरला. पावलं पलीकडच्या काठावर थांबून राहिली. आम्ही वर आलो तशी पुढे निघाली.

दोनेक मैल असे गेलो. खाऱ्या तळ्याच्या कोरड्या सपाटीची कड लागली असावी, कारण झुडपं विरळ झाली होती. आणि मग पाऊल पडता पडता राहिलं. एक पाऊल वाजलं, दुसरं वाजलंच नाही.

"थांब!" लेनोरा किंचाळली.

ऑरविलने करकचून ब्रेक लावला. लेनोरा उतरली, टेपच्या पेटीतली लोखंडी कांब घेतली आणि आंधळा काठी टेकत जातो तशी पुढे ठोकत गेली. गाडीच्या नाकापासून सहा पावलांवर कांब पोकळ वाजली. तिथे झुडूप वाढलं होतं, त्याखाली कुजलेल्या फळ्या होत्या. एका बाजूच्या फळ्या मोडून आत गेलेल्या होत्या, फार पूर्वीच, कारण मोडलेली टोकं राखाडी झाली होती.

हाताने खणलेली विहीर होती. मी ती ओळखली. माझ्या वडिलांनी खणलेली. आमचे वडील आयुष्यभर मेंढ्यांमागे ह्या खोऱ्यात हिंडले, आणि काठ दगडांनी बांधायची त्यांची पद्धत होती, दगड तिरपे लावून, ते जिथून इथे आले त्या मुलखातल्यासारखी. पण त्या क्षणी मी काही बोलले नाही.

लेनोराने पोटावर झोपून टॉर्चचा झोत खाली सोडला. विहीर पस्तीसेक फूट होती, कोरडी. तळाशी एका कडेला बुटाचा तळ दिसला. थोडा कापडाचा रंग दिसला. आणि भिंतीला टेकून स्टीलचा थर्मास उभा होता. पडलेला नव्हता. कोणीतरी झाकण लावून नीट उभा करून ठेवला होता.

त्या थर्मासाचा अर्थ तिच्या आधी ऑरविलला कळला. तो काठावर गुडघ्यांवर बसला आणि त्याच्या तोंडून जो आवाज निघाला तो मला परत कधी ऐकायचा नाही.

लेनोराकडे उपग्रहावरून निरोप पाठवायचं छोटं यंत्र होतं, खात्याने दिलेलं. तिने शेरीफच्या कचेरीला निरोप पाठवला. उत्तर आलं, धुक्यामुळे तीन तास लागतील. गाडीच्या पडद्यावर आता अडुसष्ट होते आणि घर रस्त्यावरच्या फाट्यापासूनच बहात्तर मैल. परत जायचा प्रश्न संपला होता. हीटर लावला की आकडा डोळ्यांदेखत उतरायचा, म्हणून दहा मिनिटं लावायचा, वीस मिनिटं बंद. मी आणि लेनोरा आत बसलो. ऑरविल आत आला नाही. विहिरीच्या काठावर उभा राहिला, आणि त्याच्या टोपीवर, भुवयांवर, एकाच बाजूला बर्फ चढत गेलं.

"बोलव त्याला आत," मी म्हटलं. "मरेल तो."

"तो मोठा आहे. त्याला यायचं तर येईल," लेनोरा म्हणाली.

अर्ध्या तासाने तिने स्वतःच काच खाली करून हाक मारली, "ऑरविल, आत ये." तो आला. मागे माझ्याशेजारी बसला. पुढची सीट त्याने रिकामी सोडली.

साडेचारला धुक्यातून इंजिनाचा आवाज आला. आम्ही तिघंही ताठ झालो. लेनोराने माझा हात धरला, इतका घट्ट की अंगठी रुतली. मग पिवळा दिवा दिसला, फिरणारा, आणि शेरीफच्या माणसाने नाव घेऊन हाक मारली तेव्हा कुठे श्वास सुटला.

वेंडलला दुसऱ्या दिवशी वर काढलं. तपासणाऱ्या डॉक्टरांनी सांगितलं, खुबा मोडला होता, डोक्याला मार नव्हता. पडल्यावर तो दोन दिवस जगला असावा, कदाचित तीन. ऑरविल नऊला निघून साडेअकराला त्या गाडीपाशी पोचला होता. तो तिथे उभा राहून हाका मारत होता तेव्हा वेंडल दोन मैलांवर जिवंत होता. हे कोणी मोठ्याने म्हटलं नाही. गरजच नव्हती. आम्ही विहिरीपर्यंत कसे पोचलो, ते शेरीफच्या माणसाने एकदाच विचारलं. लेनोरा म्हणाली, "आवाजाच्या मागे गेलो." त्याने लिहून घेतलं, "रस्ता चुकून."

माझं सांगायचं राहिलंच. बावीस वर्षांपूर्वी शोध चालू असताना तेव्हाचा शेरीफ माझ्याकडेही आला होता. तुझ्या बापाच्या जुन्या विहिरी कुठे कुठे आहेत, सांग म्हणाला. वडील नुकतेच गेले होते. मी नकाशावर अकरा खुणा करून दिल्या. तळ्याकडची ही बारावी मला आठवत होती. पण वडील एकदा म्हणाले होते की ती बुजवून टाकलीय, म्हणून मी ती खूण केली नाही. त्यांनी बुजवली नव्हती, फळ्या टाकल्या होत्या. पेन्सिल माझ्या हातात होती. एक टिंब काढायला काय लागलं असतं?

वेंडलला पुरलं तेव्हा पेनरॉड नवरा-बायको शेजारी उभे होते, पण मधे एक माणूस मावेल एवढी जागा होती. त्यानंतर ऑरविल गॅरेजवरच्या खोलीत राहायला गेला. लेनोरा त्याला जेवणाचं ताट पाठवायची, तो ताट धुऊन परत ठेवायचा. दोघं एकमेकांशी बोलत नव्हते असंही नाही. पाण्याचा पाइप गोठला, कुत्र्याला औषध दिलं, एवढं बोलायचे.

महिन्याच्या शेवटच्या दिवशी लेनोरा पत्रकं घेऊन पंपावर आली. मागून ऑरविलही आला, दारातच उभा राहिला.

"बॅटरीची घे," तो म्हणाला. "तुला तीच हवी होती. मला आता पेट्रोलचं नावसुद्धा नको."

"मी पेट्रोलवाली घेणार आहे," लेनोरा म्हणाली.

"का?"

"मी एकटी जाणार आहे फेरीला. मागे काहीतरी वाजत राहिलेलं बरं." ती माझ्याकडे वळली. "मला आता तिथे काही ऐकायचं नाही, मायते. बोअरला कान लावायचंही मी सोडलंय. सापडला, झालं. पण त्या दिवशी तो चालत होता आणि आम्ही मागे होतो, तेव्हा मला एकदा वाटलं की पावलं एकाची नाहीत."

ऑरविलने मान खाली घातली. म्हणजे त्यालाही तसंच वाटलं होतं. मी मागे बसले होते, काचा उघड्या होत्या, आणि मलाही वाटलं होतं.

मग मी तिला बाराव्या विहिरीचं सांगितलं. सगळं, पेन्सिलीसकट. मला वाटलं, ती उठून जाईल. पत्रकावर खूण करायला घेतलेलं पेन तिने काउंटरवर ठेवलं.

"म्हणजे तुझ्या बापाने फळ्या टाकलेल्या आणखी असतील," ती म्हणाली.

"असतील."

"किती?"

"तीन. चारही असतील."

"दाखवशील?"

मार्चमध्ये बर्फ उतरल्यावर आम्ही दोघी शेरीफच्या गाडीतून गेलो, भर उन्हात, इंजिन चालू ठेवून. ऑरविल मागच्या सीटवर होता. त्याला लेनोराने बोलावलं नव्हतं, तो फावडं घेऊन आला आणि बसला, आणि तिने त्याला उतर म्हटलं नाही. दोन विहिरी सापडल्या, आत काही नव्हतं. त्या त्याने दगडमातीने भरल्या, संध्याकाळपर्यंत एकट्याने. उरलेल्या मी पुष्कळ शोधल्या. एकीच्या जागी डोंगराची खूण बरोबर होती, वडिलांनी रचलेला दगडांचा ढीगही होता. त्याच्याभोवती आम्ही कांबा ठोकत दिवसभर फिरलो. ती दुसरी पावलं ज्याची, तो अशाच एखाद्या विहिरीत असेल असं आम्हाला वाटत होतं, पण जमीन कुठेही पोकळ वाजली नाही.